दिलेला बिंदू

गणिताच्या उदाहरणाचे परीक्षण कोणी लिहीत नाही. कादंबरी फसली तर समीक्षक दहा पाने खर्ची घालतात. उदाहरण बिचारे पोरांच्या शिव्या खाऊन निमूटपणे रद्दीत जाते. मी कॉमर्सचा, त्यात बँकेतला कारकून. तेव्हा तटस्थ समीक्षक म्हणून माझी पात्रता वादातीत आहे.

उदाहरण असे : 'य = २क्ष + ३ या रेषेला समांतर आणि (४, ५) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा.'

कथानक सुटसुटीत. समांतर म्हणजे चढ तोच, २. बदलतो तो फक्त शेवटचा आकडा. क्षच्या जागी ४, यच्या जागी ५ घाला : ५ = ८ + क, म्हणून क = −३. उत्तर, य = २क्ष − ३. आमच्याकडची कर्जप्रकरणे इतक्या झटपट निकालात निघत नाहीत!

भाषाही झकास. रेषा उतरू लागली की पुस्तक तिला 'ऋण चढ' म्हणते. ऋण चढले की माणूस उतरतो, हे आम्ही काउंटरवर रोज बघतो.

वातावरणनिर्मिती मात्र शून्य. लेखकाने दापोडी ते पिंपरी एकदा लोकलने यावे. १८५८ साली पुण्यात पोचलेली रेल्वे, शेजारी जुना मुंबई-पुणे रस्ता आणि २०२२पासून त्या रस्त्यावरची मेट्रो. तिघी जवळजवळ समांतर. चाकणचा रस्ता तेवढा नाशिक फाट्याला फटकून निघतो.

पण खरा आक्षेप पुढेच आहे. 'दिलेला बिंदू' कोणी दिला, हे पुस्तक विचारतच नाही. समजा, चाकणच्या एका कारखान्यात दोघे शेजारी उभे राहून तेच काम करतात. कायम कामगाराला महिना ४०,००० रुपये, कंत्राटी पोराला १८,०००. दोघांच्या पगारात दरसाल २,००० वाढ. सगळे म्हणतात, वा, समान न्याय! आलेख काढून बघा. चढ तोच, अंतर २२,०००. आजही आणि वीस वर्षांनीही. दोघांना १० टक्के वाढ दिली, तर पहिल्याला ४,००० आणि दुसऱ्याला १,८००. म्हणजे अंतर आणखी वाढले. खालच्याने वरच्याला गाठायचे, तर त्याच्या रेषेला चढ जास्त हवा. दुसरी रीत नाही.

एवढे मोठे सत्य हाताशी असून पुस्तक उत्तराखाली दुहेरी रेघ मारून मोकळे होते. पुढच्या आवृत्तीत एकच ओळ वाढवावी : 'या रेषा आपण होऊन भेटणार नाहीत.' शाईचा खर्च किरकोळ खात्यात टाकता येईल.