दोघांचा एक वाडगा

गेल्या महिन्यात आमच्या गावातील ज्येष्ठांच्या केंद्रात लाकडी भांड्यांचे प्रदर्शन भरले होते. त्यातील जैतुनाचा वाडगा दोघांनी मिळून केला आहे. एकाने तो लेथवर कातला, दुसऱ्याने लाखेने रंगवला.

कातकाम फार चांगले. जैतुनाचे लाकूड कठीण, पण वाळताना तडकते. म्हणून ओले असतानाच वाडगा जाडसर कातून ठेवतात. तोंड 10 इंच, तर कड सुमारे 1 इंच. काही महिन्यांत तो वाळून जरा लांबट होतो, मग पुन्हा लेथवर चढवून गोल करतात. एवढा धीर धरणाऱ्या हाताला आमची शाबासकी.

तक्रार आहे ती रंगाची. लाल-हिरवे पट्टे पाहून आम्हांला सावंतवाडीची खेळणी आठवली. पण ती पांगाऱ्यासारख्या फिकट, साध्या लाकडाची. तिथे रंगानेच शोभा येते. जैतुनाला मूळच्याच सुंदर तपकिरी रेषा असतात. इथे त्याच झाकल्या गेल्या, आणि पहिल्याची मेहनतही. नुसता तेलाचा हात पुरला असता.

जोडीच्या कामात आधीच्याने काय साधले आहे ते दुसऱ्याने ओळखले पाहिजे. पुढचा वाडगा दोघांनी लाकूड समोर ठेवून, बोलून ठरवावा, असे आम्ही सुचवतो.