राम ताकवले : दुरुस्ती की नवे घर?

कुलगुरूंच्या कारकिर्दीचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा इमारती, पुरस्कार आणि गौरवग्रंथ यांवरून होते. डॉ. राम ताकवले (निधन २०२३) यांना ही फूटपट्टी पुरत नाही. पुणे विद्यापीठ (१९७८ ते १९८४), नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, अशा तीन ठिकाणी ते कुलगुरू होते. पहिले चालत आलेले, दुसरे त्यांनी पायापासून उभारलेले. सुधारकाने जुने घर दुरुस्त करावे की शेजारी नवे बांधावे, हा प्रश्न त्यामुळे एकाच माणसाच्या कामात तपासता येतो.

जुन्या घराची घडण १८५७ची. मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १९४९मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, त्याचे स्वतःचे पदव्युत्तर विभागही उभे राहिले. पण पदवीच्या पातळीवर ही वाटणी टिकली. अभ्यासमंडळ ठरवते, दुसरा शिकवतो, तिसरा तपासतो. अशा रचनेत कुलगुरूंचा दिवस परीक्षा, निकाल आणि संलग्नता यांत सरतो. वर्गात काय घडते, तिथवर त्यांचा हात पोचतच नाही.

१९८९मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि संस्थापक कुलगुरू म्हणून ताकवल्यांना कोरी पाटी मिळाली. शालेय प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आला. शेतीसारखे विषय मराठीतून शिकता येऊ लागले. 'अभ्यासक्रमा'ऐवजी 'शिक्षणक्रम' हा शब्द रुळवला गेला, तो मला केवळ शब्दच्छल वाटत नाही. काय संपवायचे यापेक्षा कोणी, कसे शिकायचे, याकडे त्याने लक्ष वळवले. पाठ्यपुस्तकच शिक्षक व्हावे, अशा बेताने ते लिहिले जाऊ लागले.

मर्यादाही इथेच सुरू होते. स्वतःच्या बळावर वाचत आलेल्या माणसाला हे अनुभवाने कळते की पुस्तक प्रश्न विचारू शकते, आपले उत्तर ऐकू शकत नाही. ते ऐकण्याचे काम अभ्यासकेंद्रांकडे होते. पण ही केंद्रे बहुतेक जुन्याच महाविद्यालयांत भरली, जुन्याच प्राध्यापकांच्या सुट्टीच्या वेळात. नव्या घराच्या खोल्या भाड्याच्या राहिल्या.

माझा मुख्य आक्षेप मात्र ताकवल्यांवर नाही, त्यांच्या यशाचा जो उपयोग झाला त्यावर आहे. गृहिणी, कामगार, शेतकरी नाशिककडे वळले आणि 'आमचे दार अरुंद का?' हा प्रश्न पारंपरिक विद्यापीठांना कोणी विचारेनासे झाले. नव्या घराने जुन्याची दुरुस्ती लांबणीवर टाकायला सबब पुरवली. १ मार्च २०१७पासून लागू झालेल्या विद्यापीठ कायद्यात स्वायत्त महाविद्यालयांना जागा आहे, तरीही संलग्नतेचा सांगाडा उभाच आहे.

मग त्यांनी पुण्यातच झुंजत राहायला हवे होते का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कुलगुरूंची मुदत मोजकी असते, सांगाडा शंभरी ओलांडलेला. त्यांनी करता येण्याजोगे ते केले, आणि त्यामुळे शाळा सुटलेल्या माणसालाही पदवीची वाट मिळाली. ताकवल्यांचा खरा वारसा चालवायचा तर मुक्त विद्यापीठाचे कौतुक पुरणार नाही. तिथे विचारलेला प्रश्न, शिकणारा कोण आणि तो कसा शिकतो, प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या वर्गात नेऊन विचारावा लागेल.