ग्रंथालय वेबवर आलं, मराठी वाचक दाराबाहेरच

पत्रिकेवर आजचा विषय 'महाविद्यालयीन ग्रंथालयं आणि नवं वेब तंत्रज्ञान' असा छापलाय. नव्या गोष्टींची यादी वाचून दाखवली तर तास सहज निघेल. पण केनवडमध्ये बोलायचं तर आधी हे विचारावं लागेल, की इथून रिसोडला किंवा वाशिमला कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना त्याचा उपयोग काय? आमचं म्हणणं असं की ग्रंथालयं वेबवर आली, पण मराठी वाचक अजून दाराबाहेर उभा आहे. आणि तो बाहेर राहण्याचं मोठं कारण पैसा नाही, आपली नोंदी करण्याची सवय आहे.

उदाहरण घेऊ. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या मुलीला त्यावर वाचायचंय. समजा, वा. वि. मिराशींचं 'वाकाटक नृपती आणि त्यांचा काळ' हे १९५७ चं पुस्तक कॉलेजच्या कपाटात आहे. ती मोबाइलवर ग्रंथालयाची ऑनलाइन सूची उघडते, 'वाकाटक' असं मराठीत टाकते. उत्तर येतं, एकही पुस्तक नाही. का? तर नोंद रोमन लिपीत आहे. मग ती रोमनमध्ये शोधते. पण 'वाकाटक' व्हीने की डब्ल्यूने? 'नृपती'मध्ये आरनंतर यू की आय? ते नोंद करणाऱ्यालाच ठाऊक. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. इथे पुस्तक दहा पावलांवर, आणि संगणक सांगतो की नाहीच!

असं का होतं बघा. नॅकची समिती यायची असली की ग्रंथालयात धावपळ सुरू होते. ग्रंथालय संगणकीकृत आहे का, ई-साधनांचं सदस्यत्व आहे का, रोज किती जण वापरतात, याची माहिती भरायची असते. मग सॉफ्टवेअर येतं, भिंतीवर क्यूआर कोड लागतो. विचारणा वाईट नाही. पण मराठीत शोधलेलं पुस्तक सापडतं का, हे त्या आकड्यांत दिसत नाही. म्हणून ते कोणी तपासतही नाही.

आता ई-साधनं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१० पासून महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक नियतकालिकं देते. थोड्या वर्गणीत मोठी सोय आहे, ते मान्य केलंच पाहिजे. पण त्यातला बहुतेक मजकूर इंग्रजी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. मात्र ती आखली केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. आपल्याकडच्या ग्रामीण भागातली बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची. म्हणजे पंगत मोठी, पण आपलं पान मांडलेलं नाही.

'शोधगंगा' मात्र सगळ्यांना खुली आहे. तिथे पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही. अडचण अशी की त्यांतले बरेच स्कॅन केलेले आहेत, म्हणजे संगणकाच्या लेखी ती नुसती चित्रं. काही जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, कॉपी केलं की हाती भलतीच अक्षरं येतात. आज एआयचा फार बोलबाला आहे. पण जे अक्षर यंत्राला वाचता येत नाही, ते त्याच्या उत्तरात येणार कुठून? वऱ्हाडी बोलीवर, इथल्या शेतीवर कोणी पाच वर्षं घासून लिहिलं, आणि पुढच्या पिढीच्या लेखी ते लिहिलंच गेलं नाही!

उलट उदाहरणही घरचंच आहे. मराठी विश्वकोशाचे छापील खंड आज युनिकोड मजकुरात वेबवर मोफत आहेत. मराठी शब्द टाकला की नोंद समोर येते. एवढंच तर हवंय.

मग करायचं काय? 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रामीण ग्रंथालयांसाठी तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यात देवनागरी चालते. इन्फ्लिबनेटचं 'सोल २.०'ही युनिकोडवर आहे. मार्क पद्धतीच्या नोंदीत दुसऱ्या लिपीसाठी ८८० क्रमांकाची जागाच राखलेली आहे. साधन आहे, ती जागा रिकामी आहे.

सुरुवात मराठी आणि इतिहासाच्या कपाटांपासून करावी. 'कमवा आणि शिका'मधल्या दोन मुलांनी रोज पन्नास-पन्नास नोंदी देवनागरीत केल्या, तर पाच हजार पुस्तकं कामाच्या पन्नास दिवसांत होतात. तपासायला ग्रंथपाल हवा, आणि अनेक ठिकाणी ते पदच रिकामं असतं. तिथे भांडावं लागेल. ते भांडण नव्या उपकरणाच्या खरेदीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

जाता जाता एक काम सांगतो. उद्या आपल्या कॉलेजच्या सूचीत आपल्याच गावाचं नाव मराठीत टाकून बघा. काय निघतं ते ग्रंथपालांना आणि प्राचार्यांना दाखवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.