बूटलोडर व कर्नेल यांतील नामविसंगती : एक चिकित्सा

प्रास्ताविक : संगणक सुरू होताना बूटलोडर आपले कार्य आटोपून कर्नेलकडे सूत्रे सोपवितो. तथापि दोघेही नेटवर्क कार्डांना स्वतंत्रपणे नावे देतात. दोन कार्डांच्या सर्व्हरवर आयपीएक्सईचे ‘नेट०’ आणि लिनक्सचे ‘ईटीएच०’ एकच असतील, याची शाश्वती नसते. चुकीचे कार्ड निवडले गेल्यास नेटवर्कवरून चाललेली स्थापना अर्ध्यावर थांबते.

विवेचन : लिनक्समधील जुनी नावे कार्ड सापडण्याच्या क्रमावर अवलंबून होती. २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने कार्डाच्या स्थानावरून नाव देण्याची पद्धत आणली. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे. बूटलोडर या नावांविषयी अनभिज्ञच राहतो.

वऱ्हाडातील अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांत नावामुळे गफलत संभवते; ४४४००१ हा पिनकोड ती टाळतो. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर इंग्रजी दप्तरांत ‘एलिचपूर’ होते. नाव बदलले, स्थान नाही. पिक्सीलिनक्समधील ‘आयपीएपेंड २’ ही सूचना हेच तत्त्व पाळते. ज्या कार्डावरून आरंभ झाला त्याचा मॅक पत्ता ‘बूटआयएफ’ या घटकाद्वारे कर्नेलच्या आज्ञाओळीत जोडला जातो व स्थापनाप्रणाली त्यावरून कार्ड ओळखते. हा पत्ता प्रत्येक आरंभी नव्याने दिला जात असल्याने कार्ड बदलले तरी मेळ टिकतो.

निष्कर्ष : दोन्ही स्तरांवर समान नावांचा आग्रह धरण्यापेक्षा ओळख हस्तांतरित करणे अधिक विश्वसनीय ठरते. यास्तव महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या नोंदवहीत कार्डाच्या नावासोबत मॅक पत्ता नोंदविणे अगत्याचे आहे.