नादाचे विरूपण : मिरजेची जवारी आणि व्हॉल्व्हचा गिटार-ॲम्प्लिफायर

व्हॉल्व्हच्या गिटार-ॲम्प्लिफायरविषयीच्या लेखनात ‘उबदार’ हे विशेषण इतके सर्रास येते की, पुढील विवेचनाची गरजच उरू नये. व्हॉल्व्ह सम उपस्वर देतो म्हणून नाद गोड होतो, असे त्याचे समर्थन केले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ‘हाय-गेन’ नादाचे स्वरूप विरूपण कोठे घडते आणि त्याआधी काय गाळले जाते, यावर ठरते.

आपल्याकडील एका वाद्याशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या घोडीचा माथा किंचित वक्र असतो. तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात. कंप पावणारी तार त्या माथ्याला वारंवार स्पर्श करते व उपस्वरांची दाटी उमटते. तार जेथे छेडली त्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमानुसार लोपावेत तेही येथे ऐकू येतात, याकडे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले होते. शास्त्रीय परिभाषेत ही अरेखीयताच होय; तरी तंबोऱ्याच्या नादाला सदोष म्हणण्यास कोणी धजावणार नाही.

मात्र हे साम्य फार ताणू नये. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते, तर गिटारच्या सहाही तारांचा संकेत एकाच व्हॉल्व्हमधून जातो. तेथे स्वर परस्परांत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. ११० व १६५ हर्ट्झचा षड्ज-पंचम संवाद ५५ हर्ट्झचा खर्ज निर्माण करतो आणि नाद भारदस्त होतो. गांधार मिसळला की तोच नाद गढूळ होतो. रॉकमधील पंचमाचे प्राबल्य केवळ अभिरुचीचे नाही. त्यामागे मंडलरचनाही आहे.

मार्शलचा २२०३ हा नमुना (१९७५; १९८१ पासून जेसीएम ८०० मालिकेत) या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. पहिल्या टप्प्यात २.७ किलोओहम कॅथोड-रोधाला अवघ्या ०.६८ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची जोड आहे. त्यामुळे मंद्र स्वरांचे वर्धन कमी होते. पुढच्या टप्प्यात कॅथोडला १० किलोओहमचा रोध असून कपॅसिटर नाही. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद राहतो व तरंगाची एक बाजू आधी कापली जाते. स्वररंगाचे नियंत्रण या सर्वांनंतर येते. मंद्र स्वर आधी आवरले नसते तर नाद फुगून बोजड झाला असता. येथील कर्तृत्व काचेच्या नळीइतकेच, किंबहुना अधिक, त्या क्षुल्लक कपॅसिटरचे आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मात्र विरूपण एकाच स्वरावर, टक्क्यांत मोजतात. त्या आकड्यात तारांचे हे परस्परमिश्रण दिसणे शक्यच नाही. दोन ऑसिलेटरांचे ११० व १६५ हर्ट्झचे संकेत एकत्र देऊन निर्गमात ५५ हर्ट्झचा शोध घ्यावा. त्यासाठी वेगळ्या सामग्रीची फारशी गरज पडत नाही.