सीताफळाचें प्राचीनत्व : एक परीक्षण

धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटच्या माळांवर रानचें सीताफळ आपोआप रुजतें. कोणी लावीत नाहीं, पाणी घालीत नाहीं. तेव्हां तें वनवासांतील सीतेच्या काळापासूनचें, अशी लोकसमजूत असल्यास नवल नाहीं. नवल वाटतें तें कनिंगहॅमसाहेबांचें. भरहुत स्तूपावरील आपल्या १८७९ च्या ग्रंथांत त्यांनीं तेथील शिल्पांत हें फळ ओळखलें. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत या वादाची चर्चा आली आहे. आमच्या मतें खवलेदार गोल आकृति हा पुरावा फारच दुबळा. शिल्पी कांहीं वनस्पतिशास्त्री नव्हे. फळ मूळचें उष्ण अमेरिकेंतील. १४९८ सालीं पोर्तुगीज कालिकतास उतरले, त्यानंतरच तें इकडे आलें, हेंच मत सामान्यतः मान्य आहे.

नांवावर तर मुळींच विसंबूं नये. संस्कृतांत सीता म्हणजे नांगराची रेघहि होते. दिल्लीकडे 'सीताफल' म्हणजे तांबडा भोपळा, आणि तोहि अमेरिकेचाच !

पोथीसंग्राहकांपुढें हें मांडण्याचें कारण असें कीं, पाकशास्त्राच्या एखाद्या कालनिर्देशरहित पोथींत सीताफळ आढळलें, तर ती रचना, निदान तेवढें कलम तरी, सोळाव्या शतकापूर्वीचें धरूं नये. मग पोथीची भाषा कितीहि जुनाट दिसो. पोथी उत्तरेकडील असल्यास पदार्थ गोड आहे कीं भाजीचा, हें आधीं पाहावें. बियांची पूड उवांवर सांगितली असेल, तर मात्र भोपळ्याची शंका उरत नाहीं.