व्होल्टेज सांगितले, वारंवारता राहिली

अमेरिकेतून आणलेले विजेचे उपकरण आपल्याकडे का चालत नाही? वर्गात या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते: तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०; मध्ये ट्रान्सफॉर्मर लावला की झाले. हे उत्तर चुकीचे नाही, अर्धे आहे. आणि राहिलेल्या अर्ध्यापायी चांगला फ्रिज जळू शकतो.

उपकरणावरच्या पट्टीवर व्होल्टशेजारी ‘६० हर्ट्‌झ’ असेही लिहिलेले असते. ट्रान्सफॉर्मर त्याला हात लावत नाही. आपल्याकडचे ५० हर्ट्‌झ त्यात शिरले की ५० हर्ट्‌झच बाहेर पडते.

इस्त्री किंवा हीटर असेल तर वारंवारतेने काही बिघडत नाही. रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० व्होल्टची १००० वॉटची इस्त्री २३० वर सुमारे ३७०० वॉट घेऊ पाहील. हे गणित फळ्यावर सुटसुटीत बसते, म्हणूनच बहुधा आपण तिथेच थांबतो.

वारंवारता वेगळी काढून दाखवायला जपानइतके चांगले उदाहरण नाही. तिथे घरगुती वीज सगळीकडे १०० व्होल्टचीच. पण टोकियोकडे ५० हर्ट्‌झ आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, त्याचा हा वारसा. घर बदलून पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्यांना जुनी धुलाई यंत्रे, मायक्रोवेव्ह भट्ट्या बरोबर नेताना विचार करावा लागे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा बंद पडले, तेव्हा पश्चिमेकडची वीज पूर्वेला देण्याची क्षमता सुमारे १००० मेगावॅटच होती, कारण वारंवारता बदलणारी केंद्रेच तेवढी होती. २०२१ मध्ये ती २१०० वर नेण्यात आली.

असे का होते? गुंडाळीच्या लोखंडी गाभ्यातले चुंबकत्व व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात असते. आवर्तन जितके लांब, तितका चुंबकत्व वाढायला वेळ अधिक. १२० भागिले ६० म्हणजे २. १२० भागिले ५० म्हणजे २.४. चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढले. काटकसरीने बनवलेला गाभा इथे संपृक्त होतो, गुंडाळी वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि तापते. मग ट्रान्सफॉर्मरने १०० व्होल्टच दिले तर? गुणोत्तर पुन्हा २ होते, गाभा वाचतो. पण चार ध्रुवांच्या मोटारीची समकालिक गती मिनिटाला १८०० फेऱ्यांवरून १५०० वर आली, ती तशीच राहते. त्यामुळे फ्रिजचा काँप्रेसर मंदावतो. मिक्सरमधली कार्बन ब्रशवाली मोटार मात्र हे फारसे मनावर घेत नाही. तेव्हा ‘मोटार असलेली उपकरणे’ असा सरसकट गट करून शिकवणेही बरोबर नाही.

मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असे छापलेले असते. तो येणाऱ्या विजेची आधी एकदिश वीज करून घेतो, मग वारंवारतेचा प्रश्नच उरत नाही. ‘चार्जर चालला, मग फ्रिज का नाही?’ असे विचारणारा विद्यार्थी योग्य प्रश्न विचारतो आहे.

त्याला विजेवर चालणारे जुने अमेरिकन घड्याळ द्यावे, अर्थात व्होल्टेज उतरवून. सकाळी ८ ला बरोबर लावलेले ते घड्याळ दुपारी २ वाजता १ वाजल्याचे दाखवील.